शहाणे शहर आणि मुका नागरिक

टेंभी नाक्याच्या चौकात क्षणभर थांबून चोहीकडे नजर टाकावी. थोड्याशा पावलांच्या टापूत येथे केवढे जग सामावले आहे! १८७९ साली बेने इस्रायली बांधवांनी उभारलेले ‘शआर हाशामाईम’ हे सिनेगॉग येथे आहे; जैन मंदिर आहे; आनंद दिघे यांनी सुरू केलेला नवरात्रोत्सव दरवर्षी येथेच भरतो; विठ्ठल सायन्ना यांच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखले गेलेले जिल्हा रुग्णालय याच नाक्यावरचे; आणि तलावपाळीकडे चालत गेले की कौपिनेश्वराचे मंदिर आणि संत योहान बाप्तिस्ता चर्च ही दोन्ही एकाच परिसरात भेटतात. इतक्या भिन्न माणसांनी इतक्या दाटीने आणि बहुतांशी सलोख्याने राहावे, यामागे कोणतेही यंत्र नव्हते. नवरात्रात गर्दी उसळली म्हणजे रुग्णवाहिकेला कोठून वाट काढून द्यायची, हे फुलवाल्याला ठाऊक असे. पहिल्या पावसात पाणी प्रथम कोठे तुंबते, हे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला ठाऊक असे. शहराचे शहाणपण असे माणसांच्या सवयींत आणि परस्परांच्या ओळखीत साठवलेले होते.

आता आपले शहर ‘स्मार्ट’ झाले आहे, असे आपल्याला सांगण्यात येते. चौकाचौकांत खांबांवर कॅमेरे आहेत, नळांवर मीटर आहेत, तक्रारीसाठी मोबाइलवर ॲप आहे. ज्याला सर्वत्र ‘डेटा’ म्हणतात आणि आपल्याकडचे काही अभ्यासक ‘विदा’ म्हणतात, त्या नोंदलेल्या माहितीचे ढीग रोज वाढत आहेत. या माहितीच्या बळावर शहर अधिक स्वच्छ, अधिक काटकसरी व पुढच्या पिढ्यांनाही पुरेल असे शाश्वत होईल, हे त्यामागचे आश्वासन. या आश्वासनाची झडती घेण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम आमच्याच अनुभवातील एक लहानशी गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गल्लीतील एका चेंबरचे झाकण तुटले. पूर्वी अशा वेळी सकाळच्या फेरीवर येणाऱ्या मुकादमाला हाक मारली जाई. तो कुरकुरे, दोन दिवस लावी, पण एखादी फळी आणून झाकी आणि मागून झाकण बसे. या वेळी मुकादम कोण हेच कोणास ठाऊक नव्हते. तेव्हा आमच्यातील एका तरुणाने रीतसर छायाचित्र काढून तक्रार नोंदवली. क्रमांक मिळाला. नवव्या दिवशी संदेश आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. सेवेस किती तारे द्याल?’ चेंबर तसेच उघडे होते. पुन्हा तक्रार केली. ‘ही तक्रार पूर्वीच निकाली निघाली आहे’ असे उत्तर आले. दुसऱ्या आठवड्यात तुंबलेल्या पाण्यातून शाळेत निघालेल्या एका मुलाचा पाय त्यात गेला. नडगीवर टाके पडले. ज्या कचेरीची ती व्यवस्था होती तिचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. कारण वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाकडे असा एखादा ‘निकाली’ निघालेला संदेश जपून ठेवलेला असेल. सांगायचे ते इतकेच, की त्या कचेरीच्या पडद्यावर आमची गल्ली त्या दिवशी निर्दोष होती. मुलाचे रक्त त्या पडद्यावर कोठेही उमटले नाही. मुकादमाला निदान आमच्या तोंडाकडे पाहावे लागत असे.

आमचा वाद यंत्राशी नाही. एम-इंडिकेटरसारखे साधे ॲप २०१० पासून आपल्या लोकलच्या प्रवाशांच्या हाती आहे. गाडी किती वाजता, कोठल्या स्थानकावर कशी बदलायची, या प्रवाशाच्या रोजच्या प्रश्नांतून ते जन्मले, आणि कोणी सक्ती न करता लक्षावधी लोकांनी ते स्वीकारले. घरबसल्या कर भरता येतो, जन्माच्या दाखल्यासाठी खेटे घालावे लागत नाहीत, चोरीस गेलेली दुचाकी कधी कॅमेऱ्यामुळे सापडते. हे सारे चांगलेच आहे. आमचा वाद निराळा आहे. माहिती जमवणाऱ्याने ज्यांची माहिती जमवली त्यांना जाब द्यावा की न द्यावा? आम्ही म्हणतो, द्यावाच लागेल. आणि जेथे तो दिला जात नाही तेथे कितीही माहिती जमली तरी शहर शहाणे होत नाही, फक्त त्याचा कारभार नागरिकांपासून अधिक उंचावर जाऊन बसतो. उंटावरून शेळ्या हाकणे ही आपली म्हण जुनी आहे. उंटाऐवजी पडदा आला एवढाच काय तो फरक.

केंद्र सरकारने २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी मिशन सुरू केले. देशातील शंभर शहरे निवडायची आणि केंद्राने प्रत्येकी पाचशे कोटींपर्यंत साहाय्य द्यायचे, अशी ती योजना. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झालेल्या यादीत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरे होती. ३१ मार्च २०२५ रोजी मिशन संपले. या काळात ठाण्यात काय झाले? कॅमेरे बसले, हाजुरीला नियंत्रण केंद्र झाले, पाण्याचे स्मार्ट मीटर आले, मासुंदा तलावाकाठी काचेचा पदपथ झाला. तेल अवीव शहराच्या धर्तीवर २०१८ साली ‘डिजी ठाणे’ नावाची डिजिटल सेवाही आली. आणि काय झाले नाही? ठाणे व मुलुंड यांच्या दरम्यान, मनोरुग्णालयाच्या जागेवर नवे उपनगरी स्थानक उभारण्याची कल्पना याच आराखड्यात होती. ठाणे स्थानकात गर्दीच्या वेळी ज्याने एकदा तरी पाय ठेवला आहे, त्याला या स्थानकाची गरज समजावून सांगावी लागणार नाही. मिशनची मुदत संपली तेव्हा ते सुरू झालेले नव्हते.

हा योगायोग नाही. कॅमेरा विकत घेता येतो. निविदा काढली, वस्तू आली, फीत कापली. स्थानकासाठी मात्र रेल्वे, आरोग्य खाते, महापालिका आणि न्यायालय यांची संमती मिळवावी लागते; वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो. स्मार्ट योजनेत जे बाजारातून आणता आले ते आधी झाले आणि ज्यासाठी माणसांना एकत्र बसवावे लागते ते मागे राहिले. शहराचे खरे आजार मात्र दुसऱ्या प्रकारात मोडतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर कोसळले आणि त्यांतील चौघे तरी प्राणास मुकले. त्या मार्गावर गर्दी किती असते, हे कळण्यास कोणती नवी माहिती हवी होती? दिव्याच्या फलाटावर सकाळी उभी राहणारी कोणतीही कामकरी स्त्री ती सांगू शकली असती. आपल्याकडे माहितीचा तुटवडा क्वचित असतो, ऐकणाऱ्याचा असतो.

स्मार्ट सिटीचा कारभार कोणाच्या हाती होता, हेही पाहिले पाहिजे. प्रत्येक शहरासाठी कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांचा कारभार निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या हाती असावा आणि मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे ठरवले होते. महापालिकेची सभा गोंगाटाची असते, तिच्यात हेवेदावे असतात, कंत्राटांचे राजकारण असते, हे आम्हांला ठाऊक नाही असे नाही. परंतु त्या सभेच्या सज्जात नागरिक बसू शकतो आणि वार्ताहर तिचा वृत्तान्त छापू शकतो. कंपनीच्या संचालक मंडळाच्या बैठकीला सज्जा नसतो.

त्यातही पुढचा भाग अधिक चिंताजनक. कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत २०२० च्या नोव्हेंबरमध्ये संपली, ठाण्याच्या नगरसेवकांची २०२२ च्या मार्चमध्ये. निवडणुका झाल्या त्या थेट २०२६ च्या जानेवारीत. म्हणजे कल्याण-डोंबिवलीत पाच वर्षांहून अधिक आणि ठाण्यात जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. ज्या काळात नागरिकाविषयी सर्वाधिक माहिती गोळा होत होती, नेमक्या त्याच काळात त्याचा एकही प्रतिनिधी महापालिकेत बसलेला नव्हता. शहराला हजारो डोळे फुटले आणि तोंड मात्र शिवून टाकलेले राहिले.

आणि इतके डोळे असूनही आपण किती आहोत, हे या शहाण्या शहरांना ठाऊक आहे काय? २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हावयास हवी होती. ती पुढे ढकलत ढकलत २०२७ वर गेली. मधल्या काळात घोडबंदर मार्गावर, दिव्यात, टिटवाळ्याकडे, शिळफाट्याच्या आसपास वस्त्यांवर वस्त्या उभ्या राहिल्या. चौकातून कोणती गाडी किती वाजता गेली याची नोंद आहे. पण दिव्यात माणसे किती राहतात, या प्रश्नाचे अधिकृत उत्तर पंधरा वर्षांपूर्वीचे! नळाचा व्यास किती, शाळांच्या तुकड्या किती, दवाखान्यात खाटा किती, हे सारे त्या उत्तरावर ठरत असते.

मोजण्याची हौस राज्यकर्त्यांना नवी नाही. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. मिठागरे, ताडाची झाडे, बंदरे, जाती-जमाती, त्यांचे धंदे, त्यांचे सण, सारे त्यात विलक्षण चिकाटीने नोंदवले आहे. आजही कोणी अभ्यासक ते चाळल्यावाचून ठाण्याविषयी लिहीत नाही. परंतु ती नोंद ज्यांच्याविषयी होती त्या आगरी, कोळी, कातकरी वा आमच्या पूर्वजांना ती कोणी वाचून दाखवली नाही, की ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारले नाही. वसुलीसाठी आणि राज्य चालवण्यासाठी ती जमवली होती. माहिती खरी असूनही ती ज्याची आहे त्याच्या उपयोगी पडेल असे नसते, हा धडा एवढा जुना आहे.

आता पाण्याकडे वळू. कारण शाश्वत शहराची खरी परीक्षा पाण्यावर होते. जे शहर उद्याच्या पिढीचे आणि शेजारच्या गावाचे ओरबाडून घेत नाही, तेच शाश्वत. ठाणे महापालिकेचे स्वतःचे धरण नाही. शहाड-टेमघर योजना, औद्योगिक विकास महामंडळ, मुंबई महापालिका आणि स्वतःची योजना अशा निरनिराळ्या वाटांनी, प्रामुख्याने उल्हास आणि भातसा या नद्यांतून, आपले पाणी येते. भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. मुंबईची तहान भागवणारे तानसाही तेथलेच. त्याच शहापूर तालुक्यातील पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पाण्याचे स्मार्ट मीटर बसवल्याने गळती कळते, उधळपट्टीला आळा बसतो, हे आम्ही मान्य करतो. ज्याने जास्त वापरले त्याने जास्त पैसे द्यावेत, हेही न्यायाचे. पण मीटर नळाला बसतो. हंड्याला बसत नाही. दिव्यातील ज्या चाळीत दिवसाआड बारीक धार येते, तेथील बाईने किती वेळ रांगेत घालवला, टँकरवाल्याला किती मोजले, हे कोणत्या पडद्यावर दिसते? शहापूरच्या पाड्यावर डोक्यावरून वाहिलेले पाणी कोणत्या आकड्यात धरले जाते? ज्यांच्या घरी नळ आहे त्यांच्या काटकसरीचा हिशेब होतो आणि ज्यांच्याकडे तोच नाही ते हिशेबाबाहेर राहतात. मग तहान वाढली की नवे धरण हवे, असा निष्कर्ष निघतो. मुरबाड तालुक्यातील काळू नदीवरच्या धरणाचे काम आवश्यक परवानग्यांवाचून सुरू झाले होते. तेथील आदिवासींनी विरोध केला आणि २०१२ साली उच्च न्यायालयाने ते थांबवले. जंगल व घरे बुडणार होती त्या गावांनाही आपला हिशेब होता, आणि तो मांडण्यासाठी त्यांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. शहराच्या पाण्याचा हिशेब शहराच्या वेशीवर संपत असेल, तर तो हिशेब कितीही सूक्ष्म असला तरी खोटा आहे.

कचऱ्याचेही तेच. कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीने वर्षानुवर्षे शेजारच्या वस्त्यांना धूर पाजला. २०१८ च्या मार्चमधील आग कित्येक दिवस धुमसत होती. २०२१ मध्ये तेथे कचरा टाकणे थांबले. ठाण्याचा कचरा दिव्यात जात असे. तेथील लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर २०२३ मध्ये तेही बंद झाले. हे दोन्ही बदल कोणत्या यंत्राने घडवले? धूर मोजणारे उपकरण नव्हे, धूर गिळणारी माणसे रस्त्यावर उतरली म्हणून ते घडले. कचऱ्याच्या गाडीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून ती कोठे गेली हे कळते. ती जेथे रिकामी होते तेथे कोण राहते, हे त्या यंत्राला विचारण्याची सोय नाही.

डोंबिवलीकरांना तर नाक हेच उपकरण. २०१४ च्या जानेवारीत तेथे हिरवा पाऊस पडला; २०२० च्या फेब्रुवारीत औद्योगिक वसाहतीतील रस्ता गुलाबी झाला. २६ मे २०१६ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन बाराजण गेले, आणि आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच वसाहतीत पुन्हा स्फोट होऊन पुन्हा माणसे मेली. या दोन स्फोटांच्या मधली आठ वर्षे ही स्मार्ट सिटीचीच वर्षे होती, याची आठवण ठेवावी. रात्री-अपरात्री दर्प येतो, डोळे चुरचुरतात, हे तेथील रहिवासी कितीतरी आधीपासून सांगत होते. कारखान्यात काय साठवले आहे, किती साठवले आहे, कोणी व कधी तपासले, ही माहिती भिंतीपलीकडे झोपणाऱ्या कुटुंबाला असावी की नसावी? रहिवाशाची गाडी कोणत्या सिग्नलला थांबली नाही हे शहराला ठाऊक असते, आणि रहिवाशाच्या उशाशी काय धगधगत आहे हे रहिवाशाला ठाऊक नसते. ही विषमता आम्हांस अधर्म्य वाटते.

याहूनही बोलके उदाहरण डोंबिवलीच्याच पासष्ट इमारतींचे. महापालिकेची बनावट बांधकाम परवानगी तयार करून त्या इमारतींची महारेराकडे नोंदणी करण्यात आल्याचे २०२२ मध्ये उघडकीस आले. घर घेणाऱ्या माणसाने काय केले होते? आज प्रत्येक शहाणा सल्लागार जे सांगतो तेच: संकेतस्थळ उघडले, नोंदणी क्रमांक टाकला, प्रकल्प तेथे दिसला, बँकेनेही कर्ज दिले. पडद्यावर सारे खरे होते. जमिनीवर सारे खोटे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला, आणि आयुष्याची पुंजी घातलेल्या हजारो रहिवाशांच्या डोक्यावर तलवार टांगली गेली. पुढे नोंदणीच्या वेळी कागदपत्रे पडताळण्याचे नियम कडक झाले. वरातीमागून का होईना, घोडे आले. पण एवढ्या वर्षांत एका कचेरीने दुसऱ्या कचेरीला, ‘ही परवानगी तुम्ही दिली आहे काय?’ एवढे विचारले असते तर हा अनर्थ टळता. बेकायदा इमारती काय करतात हे ठाण्याला नवे नव्हते. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून चौऱ्याहत्तर माणसे गाडली गेली होती. खोटी माहिती संगणकात शिरली की खऱ्या माहितीइतकीच तेजस्वी दिसते. तिला खोटे म्हणण्यासाठी जागेवर जाऊन पाहणारा आणि आपल्या सहीला जबाबदार राहणारा माणूसच लागतो.

आमच्या धर्मग्रामांतून शतकानुशतके बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवल्या जात आल्या आहेत. ती एक प्रकारची विदाच. परंतु ती वही कोठल्या कपाटात आहे, तिच्यात कोण लिहितो, कोण वाचू शकतो, हे धर्मग्रामातील सर्वांस ठाऊक असते. नाव चुकीचे पडले तर ते दुरुस्त करण्यासाठी कोणाकडे जायचे हेही ठाऊक असते, आणि तो मनुष्य रविवारी समोर भेटतो. ग्रामपंचायतीच्या, पतपेढीच्या, वाचनालयाच्या चांगल्या दप्तराचेही हेच लक्षण. आमच्या चेहऱ्याची, गाडीची, नळाची, विजेची वही मात्र कोणाकडे आहे, किती दिवस राहते, कंत्राट संपल्यावर ती कोठे जाते, हे आम्हांपैकी किती जणांना सांगता येईल?

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे स्वागत करावे तर त्याच कायद्याने २००५ च्या माहिती अधिकाराच्या एका कलमात बदल केला. पूर्वी एखादी माहिती व्यक्तिगत असली तरी ती उघड करण्यात व्यापक लोकहित असेल तर द्यावी, अशी तरतूद त्या कलमातच होती. आता त्यातून ती काढून टाकण्यात आली आहे. लोकहिताचे दुसरे कलम शिल्लक आहे असे सांगतात. ते खरेही आहे. तरी ‘ही व्यक्तिगत माहिती आहे’ एवढे म्हणून नागरिकाला परत पाठवणे कचेरीला पूर्वीपेक्षा सोपे झाले, हे कोण नाकारील? सरकारी खात्यांना मात्र त्याच कायद्यात सवलतीच्या वाटा ठेवल्या आहेत. ज्या महाराष्ट्राने माहितीच्या अधिकारासाठी अण्णा हजारे यांची उपोषणे पाहिली, त्याने हे निमूटपणे पाहावे काय? नागरिक शासनापुढे काचेसारखा पारदर्शक आणि शासन नागरिकापुढे भिंतीसारखे अपारदर्शक, हे लोकशाहीचे चित्र नव्हे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ‘तुमच्या सभा, तुमचे नगरसेवक, तुमचे मुकादम यांनीच शहराची ही दशा केली. यंत्र निदान लाच मागत नाही.’ हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही. त्यात पोळलेल्या माणसाचे सत्य आहे. परंतु यंत्र लाच मागत नसले तरी यंत्राचे कंत्राट देणारी माणसे असतात, त्यात काय मोजावे व काय मोजू नये हे ठरवणारीही माणसेच असतात. दिव्याची रांग मोजायची नाही, हे यंत्राने ठरवलेले नाही. माणूस यंत्रामागे गेला म्हणजे भ्रष्टाचार संपत नाही. त्याला शोधणे तेवढे कठीण होते. वाईट मुकादमाला बदलता येते. न दिसणाऱ्याला कसे बदलणार?

मग काय करावे? आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांना कोट्यवधी रुपये लागत नाहीत. पाण्याच्या मीटरांवरून जमलेला हिशेब प्रभागवार प्रसिद्ध करावा. कोणत्या प्रभागाला दरडोई किती पाणी मिळाले आणि किती टँकर गेले, हे प्रभाग कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावावे. चौकातील कॅमेरा कोणाचा, त्याचे चित्रण किती दिवस ठेवले जाते व कोण पाहू शकते, हे त्याच खांबावर लिहावे. औद्योगिक वसाहतीतील हवेची मोजणी आणि कारखान्यांच्या तपासणीच्या तारखा शेजारच्या सोसायट्यांना दरमहा कळवाव्यात. कोणतीही तक्रार तक्रारदाराच्या संमतीवाचून ‘निकाली’ काढू नये, आणि ती निकाली काढणाऱ्या कर्मचाऱ्याचे पद तेथे नमूद असावे. ज्याच्याकडे मोबाइल नाही अशा वृद्धासाठी प्रत्येक प्रभागात एक खिडकी आणि खिडकीमागे एक माणूस असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रभाग समित्या व क्षेत्रसभा कायद्यात आहेत. त्या प्रत्यक्षात भरवाव्यात, आणि जमवलेली सारी माहिती तेथे मांडून तिच्यावर उलटतपासणी होऊ द्यावी.

वर्षानुवर्षांच्या खंडानंतर आता दोन्ही शहरांत निवडून आलेले सभागृह आहे. प्रशासकाकडे बोट दाखवण्याची सबब यापुढे नगरसेवकांना उरली नाही, आणि नगरसेवक नाहीत ही सबब आपल्यालाही उरली नाही. आपण मत दिले आणि घरी येऊन मोबाइलवर तारे देत बसलो, तर दोष एकट्या पडद्याला देता येणार नाही. गटाराच्या झाकणासाठी चार शेजाऱ्यांनी एकत्र जाऊन प्रभाग कार्यालयात उभे राहण्याची सवय आपण मोडली आहे. सिनेगॉगमधला, देवीच्या मंडपातला, जैन मंदिरातला आणि चर्चमधला शेजारी एकमेकांना ओळखतो तोवरच ती पुन्हा लावून घेणे शक्य आहे.

आमच्या गल्लीतील ते चेंबर अखेर झाकले गेले. तिसऱ्या तक्रारीने नव्हे. त्या मुलाची आई आणि आम्ही सहाजण एका सकाळी कचेरी उघडण्याआधीच दारात जाऊन बसलो, तेव्हा. दुपारी झाकण आले. तो मुलगा आता नीट चालतो. पण पाऊस पडला की त्या झाकणाला वळसा घालून जातो. आमच्या गल्लीविषयीची ही माहिती अद्याप कोणत्याही नियंत्रण केंद्रात नोंदलेली नाही. पुढच्या क्षेत्रसभेची तारीख कळली, तर आम्ही ती तेथे येऊन नोंदवू.